पानाच्या पायाशी दोन बोटं

॥ श्री ॥

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, पूजा आटोपून

तीर्थरूप शोभाताईस,

धाकट्या आतेभावाचा, म्हणजे चंद्रभानचा, शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार कागदाच्या माथ्यावर लिहितात. या खेपेला तो कागदाच्या अगदी पायाशी लिहावा असं फार वाटत होतं, पण मामांनी शाळेत लावलेलं वळण मोडवत नाही म्हणून वरच लिहिला आहे. तू तो खाली वाकून केला आहे असं समज.

तुझा गुडघा कसा आहे? कौसल्यामामीचा खोकला? अंगणात मिरची वाळत घातली असेल, त्यामुळे खोकला थंडीचा की मिरचीचा हे या दिवसांत डॉक्टरालाही सांगता यायचं नाही. भाऊजींना नमस्कार. (सत्काराच्या दिवशी ते मंडपाच्या मागे जाऊन हसत होते, ते मला दिसलं. माझा राग नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मंडपाच्या मागेच गेलो असतो.) इकडे सर्व खुशाल. रंभा बरी आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. भूमिका बरी आहे, कॉलेजात जाते, आणि बापाने घरात पाऊल टाकलं की "पान एक पैकी एक" असं ओरडून आतल्या खोलीत पळते. माझी प्रकृती उत्तम आहे. अशा वेळी निदान ताप तरी यायला हवा होता, पण प्रकृतीला लाज नसते.

मामांची चौकशी मुद्दाम शेवटी ठेवली. फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "जेवते, झोपते, आन् महिन्याचे दिवस मोजते," आणि फोन ठेवलास. मग मामीकडून बाकीचं कळलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी मामांच्या मोतीबिंदूसाठी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे, ऑपरेशन झालं की त्यांनी आमच्याकडे राहायचं, हे सगळं ठरलेलं होतं. रंभाने पुढची खोली रिकामी करून ठेवली होती. आणि आता मामा म्हणतात म्हणे, "माही मुदत याच महिन्याची हाय. पुढच्या महिन्याचं मी काय सांगू?" डॉक्टरांनी बजावलं आहे की आणखी थांबलं तर डोळा हातचा जाईल. ज्या माणसाने गावाला वाचायला शिकवलं त्याचं वाचणं माझ्या एका ओळीपायी जाणार असेल, तर ताई, मी कोणत्या तोंडाने रोज पोथीचं पान वाचू? तेव्हा झालं कसं ते मुळापासून सांगतो. तू समोरच्या रांगेत बसली होतीस, सगळं ऐकलं आहेस, पण ते तिथवर कसं पोचलं हे तुला ठाऊक नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. कागद मात्र तू अर्धा वाचून ठेवणार नाहीस, कारण तू गुरुजींची मुलगी आहेस.

मी बुटीबोरीला ज्या कारखान्यात आहे तिथे पोती आणि सुतळी तयार होतात, आणि त्यांची दरपत्रकं काढणं हे माझं काम. मागे एक व्यापारी जुनंपुराणं दरपत्रक घेऊन आला. त्यावर हळदीचे डाग होते, घड्या पडून मधला भाव फाटून गेला होता, आणि त्याचं म्हणणं, तुमच्याच कारखान्याचा कागद आहे, याच भावाने पोती द्या. साहेबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला बोलावून म्हणाले, "चंद्रभानजी, आज से हर पन्ने के नीचे लिखा होना चाहिए के ये भाव कब तक चलेगा." मी हो म्हणालो. माझी अर्धी संकटं हो म्हणण्यातून आली आहेत. उरलेली अर्धी, न विचारता जास्तीचं करण्यातून.

आम्ही हे कागद एक्सेलमध्ये करतो. एक्सेल म्हणजे चौकटींची न संपणारी वही. तिच्यात पानाच्या तळाशी काही मजकूर छापायची सोय असते, तिला फुटर म्हणतात. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा त्याच्या तीन खोल्या असतात, चाळीतल्यासारख्या, आणि प्रत्येकीत वेगळं बिऱ्हाड ठेवता येतं. एका खोलीत तारीख, एकीत मजकूर, एकीत पानाचा आकडा. आणि यातली गोम अशी की काम करताना फुटर पडद्यावर दिसत नाही. तो एकदम कागदावरच उमटतो. (देवाचं कामही असंच चालतं असं मला वाटतं. पण या पत्रात देवाला साक्षीला बोलवायची माझी पायरी नाही.)

तुला खरं सांगतो, फुटर पाहून मला शाळा आठवली. पाटीवरून वहीवर आलो तेव्हा मामांनी पहिलं काय शिकवलं? पानाच्या माथ्यावर श्री आणि पानाच्या पायाशी दोन बोटं जागा मोकळी. "माथा देवाचा, पाय गुरुजीचा. मधात तुमाले काय गिरगिटायचं ते गिरगिटा." ती दोन बोटं शेऱ्याची. तिथे ते लाल पेन्सिलीने शेरा मारत. मला नेहमी 'बरे'. 'चांगले' तुला मिळायचं, श्रीधरला मिळायचं. मी घरचा म्हणून मला मिळत नसावं अशी मी मनाची समजूत घातली होती, पण आता वाटतं की अक्षरच तसं असेल. आणि दुसरा नियम आठव. पानावर जे छापलं असेल ते सगळं वाचायचं, शेवटच्या टिंबापर्यंत. धडा संपला म्हणून पुस्तक मिटलं की पाठीत धपाटा. मलपृष्ठावरचं छापखान्याचं नाव आणि पुस्तकाची किंमतसुद्धा आपण सुरात म्हणायचो. "काहून गा, छापनाऱ्यानं ते फुकट छापलं काय?" ताई, हे दोन नियम नीट लक्षात ठेव. मला यांनीच मारलं.

तर हाताने प्रत्येक कागदाला फुटर लावताना माझ्याकडून विसर पडू लागला. तेव्हा कोणी सांगितलं, मॅक्रो करा. मॅक्रो म्हणजे संगणकाला लावून दिलेला नेम. आपण जसं तोंड धुतल्याशिवाय चहा नाही असं अंगी लावून घेतो, तसं त्याला एकदा लिहून द्यायचं, की बाबा, कोणताही कागद छापायच्या आधी त्याच्या तळाशी अमुक मजकूर घालायचा आणि मगच छापायचं. तो मरेपर्यंत पाळतो. मी मोबाइलवर एका हिंदी मास्तराचे व्हिडिओ पाहून हे शिकलो. तो फार प्रेमाने शिकवतो, दर वाक्याला 'दोस्तों' म्हणतो. त्याने बजावलं होतं, "दोस्तों, इसे सिर्फ उसी फाइल में डालना जिसमें जरूरत है." पण मला वाटलं, नेमच करायचा तर एका देवळापुरता कशाला? मी तो अशा जागी घातला की माझ्या संगणकावरून कोणीही काहीही छापलं, तरी तो मजकूर खाली आलाच पाहिजे. न विचारता जास्तीचं, ते हे.

पहिल्या दिवशीच दणका बसला होता. आमच्या कारखान्याचं नाव इंग्रजीत, मालकांचं आडनाव आणि पुढे 'अँड सन्स', आणि तो 'अँड' अक्षरांत नाही, ते वेटोळ्याचं चिन्ह असतं ना, ते. आता फुटरमध्ये ते चिन्ह नुसतं चिन्ह राहत नाही, हुकूम होतो. त्याला चिकटून इंग्रजी एस अक्षर आलं तर पुढच्या अक्षरांवर आडवी रेघ ओढायची, असा तो हुकूम. मला काय माहीत! कागद छापून निघाला त्यात साहेबांचं आडनाव ठसठशीत आणि सन्सवर काट मारलेली. साहेबांचे दोन्ही मुलगे धंद्यात लक्ष घालत नाहीत, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मी माफी मागायला तोंड उघडणार तोच म्हणाले, "अभी नहीं चंद्रभानजी. लेकिन सोच रहा हूँ." मी ते चिन्ह दोनदा टाकून मुलांना परत धंद्यात घेतलं. (पुढे कारखान्याचं नाव कागदाच्या माथ्यावर आधीच छापून येऊ लागलं, तेव्हा ते फुटरमधून काढलं.) देवाने दिलेली ती ताकीद होती. मी ती दुरुस्ती समजून विसरलो, आणि उलट फुगलो. घरी सांगितलं, देवळात सांगितलं, तुलाही फोनवर सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, "बरं झालं वं माय, या वयात काही तरी शिकला." तू 'वं माय' मला म्हणाली नव्हतीस, शेजारी मामी असेल.

मग मामांना ऐंशी लागली, गावाने सत्कार ठरवला, आणि मानपत्राचं काम तुम्ही मोठ्या मनाने माझ्याकडे दिलं. मजकूर मी मन लावून लिहिला, त्यात काही कमी ठेवलं नाही. पण उतरवला एक्सेलमध्ये. भूमिका म्हणाली, "बाबा, यासाठी दुसरं असते, चौकटीत काहून कोंबून राहिले?" पण ज्याच्या हाताला विळा माहीत तो वांगंही विळ्यानेच कापतो. चौकटी एकमेकींत मिसळल्या, भोवती वेलबुट्टी काढली, सीताबर्डीवरून जाड कागद स्वतःच्या पैशाने आणला (कारखान्याचा कागद गुरुजींच्या मानाला नको), आणि साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत छापला. आमचा प्रिंटर कागद पालथा टाकतो. मी तो पालथाच उचलला आणि पालथाच गुंडाळला. उलटून पाहिला नाही. का पाहिला नाही, ते सांगताना कान गरम होतात. आपण लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं की अहंकार वाढतो, असं मला त्या वेळी वाटलं. मी डोळे मिटून हात जोडले आणि म्हटलं, हे तुझंच आहे, मी कोण वाचणारा! ताई, माणूस नम्रपणाने जेवढा फसतो तेवढा गर्वाने फसत नाही. गर्वाने मी निदान कागद तरी पाहिला असता.

अजूनही वाचलो असतो. इथल्या महाल भागातल्या फ्रेमवाल्याने कागद सरळ करून विचारलं, "काका, खालची लाइन ठेवू का कापू?" मला वाटलं, वेलबुट्टीची खालची ओळ म्हणतो आहे. मी त्याला ताठ मानेने सांगितलं, "गुरुजींचं मानपत्र आहे. एक टिंबही कापायचं नाही." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

पुढचं तू पाहिलंस, पण माझ्या बाजूने पाहा. मामा शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसले होते. दिसत नाही म्हणून कान मानपत्राकडे केला होता. वाचायला श्रीधर सर. आता ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक असले तरी मामांसमोर अजून चौथीतले. त्यांचा आवाज म्हणजे घंटा! एकेक वाक्य असं वाचलं की मला वाटलं, हे मी नसेन लिहिलं. "हे गाव आपल्या ऋणात सदैव राहील" इथे मजकूर संपला, टाळ्या सुरू झाल्या, आणि श्रीधर सरांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या. कारण पान संपलं नव्हतं. गुरुजींसमोर गुरुजींचा विद्यार्थी पान अर्धवट कसा सोडणार? त्याच घंटेच्या आवाजात त्यांनी वाचलं, "वरील मजकूर चालू महिन्याच्या अखेरपर्यंतच ग्राह्य. त्यानंतर पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. उचललेला माल परत घेतला जाणार नाही. चूकभूल द्यावी घ्यावी. पान एक पैकी एक."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही, राष्ट्रगीत नव्हतं. 'माल परत घेतला' एवढंच कानावर पडल्याबरोबर मामीने पुढे होऊन शालीचं टोक मुठीत धरलं, हे मी पाहिलं. मागून कोणी तरी ओरडलं, "काहून गा, पुढच्या महिन्यात गुरुजी बदलून येते काय?" आणि मग जे हसणं उठलं ते शाळेच्या पत्र्यावरून परत आलं. मामांना भाषण करायचं होतं. त्यांनी कित्येक दिवस ते घोकलं होतं, मामी सांगत होती. त्यांनी माइक हातात घेतला, म्हणाले, "वाचन चांगलं झालं, श्रीधर," आणि बसले. श्रीधरला 'चांगलं' मिळालं. त्या अवस्थेतही ते मला टोचलं. बघ, माणूस किती हलका असतो.

पंगतीत तू वरणाची बादली घेऊन माझ्यासमोर आलीस.

"चंद्रभान, हातं मोडले होते काय गा तुये?"

"ताई, मी ते लिहिलं नाही. ते आपोआप..."

"आपोआप? वरण तरी आपोआप पडते काय पानात? कोनं तरी वाढावं लागते ना!" आणि तू न वाढता पुढे गेलीस. मी कोरडा भात खाल्ला. तू म्हणालीस ते इतकं खरं होतं की त्यावर वरण लागलंही नसतं.

हात धुवायच्या जागी मामांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, कानाजवळ बोटं नेली आणि ओळखलं. "कोन, चंद्रभान? महिन्याले किती दिवस बाकी हाय गा?" ते हसून विचारत होते की कसं, मला कळलं नाही. त्यांना मी दिसत नव्हतो, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

परत आल्यावर मी छापलेलं जे जे कुठे गेलं असेल ते आठवू लागलो. आमच्या कॉलनीच्या मारुतीच्या देवळात आरत्यांचे कागद मीच छापून दिले होते. धावत गेलो. प्रत्येक कागदाच्या पायाशी तीच ओळ. रुखमाबाई म्हणून एक म्हातारी शेजारीण आहे, तिला विचारलं, इतके दिवस कोणी बोललं कसं नाही? ती म्हणाली, "आमाले वाटलं देवळाचा नेम हाय. मी तं महिना संपला का नवा कागद मागनार होती." वर म्हणाली, "आन् चूकभूल द्यावी घ्यावी हे तं बरंच हाय बावा. माहा सूर कोठी लागते?" म्हणजे ती मंडळी आरती संपल्यावर तेवढी ओळही हात जोडून म्हणत होती. मारुतीने ते कसं घेतलं असेल, ते मी त्याच्यावरच सोडलं आहे.

ताई, मी यावर पुष्कळ विचार केला. बसमध्ये बुटीबोरीपर्यंत दुसरं काही सुचत नाही. एकदा मनात आलं, त्या ओळीत खोटं तरी काय होतं? माणसाचं सगळंच महिनाअखेरपर्यंतचं. बदल होतो तो पूर्वसूचनेशिवायच होतो. हे मी रंभाला बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अजी, खरं बोलाले बी जागा पाहावं लागते. म्हाताऱ्या माणसाले शाल पांघरून, माइक लावून, गावासमोर सांगतात काय हे?" त्यानंतर मी विचार करणं बंद केलं.

खरी लाज मॅक्रोची नाहीच. मॅक्रोने त्याचा नेम पाळला, तो माझ्यापेक्षा बरा. लाज याची की पानावरचं शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं, हे ज्या माणसाने मला धपाटे घालून शिकवलं, त्याच्याच मानाचं पान मी न वाचता त्याच्या हाती दिलं. आणि जी दोन बोटं त्याच्या शेऱ्यासाठी मोकळी ठेवायची, तिथे पोत्यांचा भाव भरला.

आता तो मॅक्रो मी दुरुस्त केला आहे. तो फक्त दरपत्रकांपुरता ठेवला, आणि बाकी काहीही छापायला गेलो की आधी पडद्यावर एक पाटी येते, 'चंद्रभान, खाली काय आहे ते पाहिलंस काय?' तिच्यावर 'हो' आणि 'नाही' असे दोनच पर्याय. ही पाटी मीच लिहिली आहे, तरी ती आली की मला मामांचा आवाज ऐकू येतो आणि मी खुर्चीत सावरून बसतो. परवा साहेब मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "ये चंद्रभान को कौन डाँट रहा है?" मी म्हटलं, मेरे गुरुजी. सायंकाळी त्यांनी मोठ्या मुलाला फोन लावला, असं शिपाई सांगत होता.

बाकी काय लिहू? मामीच्या खोकल्याला ज्येष्ठमध पाठवतो आहे. भाऊजींना म्हणावं, हसण्याबद्दल मनात काही ठेवू नका. तुझ्या पायांवर डोकं ठेवून, (गुडघा दुखतो तो पाय सोडून दुसऱ्यावर,)

तुझा,
चंद्रभान

ता. क. हे पत्र मामांना वाचून दाखवू नको. त्यांच्या मनात ते सगळं पुन्हा ताजं व्हायचं.

ता. क. दुसरा. तू दाखवशीलच, हे मला माहीत आहे. तर मग कंसातलं गाळून वाच. भाऊजींचा कंस तर नक्कीच गाळ. पण पत्र संपलं की मामा विचारतील, "झालं? खाली काही हाय काय?" तिथे तुला खोटं बोलता यायचं नाही. म्हणून खालचं मोठ्याने वाच, श्रीधर सरांसारखं.

ता. क. तिसरा. मामा, चंद्रभानचा नमस्कार. मानपत्र मी नव्याने लिहिलं आहे. हाताने, शाईने, पट्टीने रेघा आखून. मजकूर तोच आहे, कारण तो खरा होता. पण ते मी पाठवणार नाही, कोणाकडून वाचूनही घेणार नाही. आमच्या पुढच्या खोलीत, तुमच्या खाटेच्या समोरच्या भिंतीवर, रंभाने खिळा ठोकून लावलं आहे. धंतोलीहून आल्यावर डोळ्याची पट्टी निघेल तेव्हा पहिलं वाचन तुम्ही करायचं. माथ्यावर श्री आहे. पायाशी दोन बोटं जागा मोकळी आहे, मी स्वतः बोटं ठेवून पाहिली. खिडकीत लाल पेन्सिल टोक करून ठेवली आहे. 'चांगले' लिहा असं मी म्हणत नाही. अक्षर पाहून ठरवा. 'बरे' लिहिलंत तरी पुष्कळ आहे. पण लिहायला तुम्हालाच यावं लागेल मामा, तो शेरा दुसऱ्या कोणाच्या हातचा चालायचा नाही. शोभाताईबरोबर सकाळच्या बसने या. मी स्टँडवर उभा राहतो.

आणि खाली जे आहे तेही मी हातानेच लिहिलं आहे, दोनदा वाचून:

वरील मजकुराला मुदत नाही. एकदा आलेले गुरुजी डोळा पुरता बरा झाल्याशिवाय परत पाठवले जाणार नाहीत. चूकभूल द्यावी घ्यावी.